सरदारांचें घर : स्टॉकहोमचें रिद्दारहूसेत

स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम ही चौदा बेटांवर वसलेली नगरी आहे. मेलारेन सरोवराचें गोडें पाणी बाल्टिक समुद्रास जेथें मिळतें, तेथेंच एका लहानशा बेटावर ह्या नगरीचा सर्वांत जुना भाग आहे. आगगाडीच्या मुख्य स्टेशनावरून निघून, वासा राजाचें नांव दिलेला पूल ओलांडून जो प्रवासी ह्या जुन्या भागांत शिरतो, त्याच्या दृष्टीस प्रथम पडते ती तांबड्या विटांची आणि हिरव्या छपराची एक भव्य इमारत. तिला राजवाडा म्हणावें, तर तेथें राजा कधींच राहिला नाहीं. किल्ला म्हणावें, तर तिला तट नाहीं कीं बुरूज नाहीं. तिचें नांव रिद्दारहूसेत. ह्या स्वीडिश शब्दाचा सरळ अर्थ ‘वीरांचें घर’, म्हणजेच सरदारांचें घर, असा आहे.

सुमारें दोनशें वर्षें स्वीडनच्या सरदारवर्गाची सभा ह्या घरांत भरत असे. आणि ७ डिसेंबर १८६५ रोजीं ह्याच घरांत त्या सभेनें, कोणी तरवार उपसली नसतांना, आपली सत्ता सोडून देण्याचा ठराव मंजूर केला. जें घर हक्क राखण्यासाठीं बांधलें, त्याच घरांत ते हक्क सोडले गेले, ही ह्या वास्तूची खरी ओळख होय. ती मनांत ठेवून पाहणारास आंतील प्रत्येक वस्तूचा अर्थ लागतो; नाहींपेक्षां ती केवळ रंगीत ढालींनीं भरलेली एक मोठी खोली ठरते.

हे हक्क मुळांत कोठून आले, तें प्रथम सांगितलें पाहिजे. स्वीडनचा सरदारवर्ग लढाईच्या गरजेंतून जन्मास आला. इ. स. १२८० च्या सुमारास माग्नुस लादुलोस ह्या राजानें असा नियम घालून दिला कीं, जो कोणी आपल्या खर्चानें घोडा व हत्यारें बाळगून राजाच्या चाकरीस हजर राहील, त्याच्या जमिनीस सारा माफ व्हावा. लढाऊ घोडा पोसणें व चिलखत घडविणें हें सामान्य शेतकऱ्यास झेपण्यासारखें नव्हतें. ज्यांना तें झेपलें ते करमुक्त झाले. बाकीचे कर भरीत राहिले. ह्या वर्गाला स्वीडिश भाषेंत ‘फ्रेल्से’ म्हणजे ‘मुक्त’ असें जें जुनें नांव आहे, त्याचें मूळ ह्या सारामाफींत आहे. पुढें १५६१ सालीं एरिक चौदावा ह्या राजानें आपल्या राज्याभिषेकप्रसंगीं काउंट व बॅरन ह्या वंशपरंपरेच्या पदव्या प्रथमच दिल्या, आणि सरदारांतही वरचे व खालचे असा भेद पडला.

त्या काळीं स्वीडनची राज्यसभा चार वर्गांची असे : सरदार, धर्मगुरु, शहरांतील व्यापारी-कारागीर आणि स्वतःच्या जमिनीचे मालक असलेले शेतकरी. शेतकऱ्यांना राज्यसभेंत स्वतंत्र जागा असणें ही तेव्हांच्या युरोपांत विरळा गोष्ट होती. चारही वर्ग निरनिराळ्या जागीं बसून विचार करीत, आणि प्रत्येक वर्गाचें मिळून एक मत धरीत. परंतु सरदार नेमके कोण, ह्याविषयींच घोळ असे. तो मिटविण्यासाठीं राजा दुसरा गुस्ताव आडॉल्फ व त्याचा मुत्सद्दी चान्सलर आक्सेल ऊक्सेनशेर्ना ह्यांनीं १६२६ सालीं सरदारसभेची नियमावली करविली. ह्यापुढें ज्या घराण्याची सभेच्या वहींत रीतसर नोंद होईल, त्यासच सभेंत स्थान. आणि घराण्याच्या वतीनें बोलण्याचा व मत देण्याचा अधिकार त्याच्या कुलप्रमुखास, असें ठरलें. नोंदलेल्या घराण्यांचे तीन गट पाडण्यांत आले व प्रत्येक गटास एक मत मिळालें. काउंट आणि बॅरन मूठभर. साधे सरदार शेंकडों. तरी मतांच्या मोजणींत दोघांचें वजन सारखेंच पडे. ही गटवारी १७१९ सालीं मोडली व तेव्हांपासून प्रत्येक कुलप्रमुखाचें मत सारखें धरूं लागले.

वही झाली, तेव्हां ती ठेवावयास व सभा भरवावयास स्वतंत्र घर हवें झालें. गुस्ताव आडॉल्फ १६३२ सालीं लढाईंत पडला होता आणि त्याची कन्या क्रिस्तीना अज्ञान असल्यानें राज्यकारभार चान्सलराच्या हातीं होता. १६४१ सालीं घराचें काम सुरू झालें. आराखडा सिमाँ द ला वाले ह्या फ्रान्समधून आलेल्या स्थपतीनें काढला. परंतु दुसऱ्याच वर्षीं एका सरदाराशीं झालेल्या भांडणांत तो प्राणास मुकला. सरदारांचें घर बांधणारा सरदाराच्याच हातून मारला जावा, हा दैवाचा विचित्र खेळच म्हणावयाचा. त्यानंतर हाइनरिख विल्हेल्म ह्या जर्मन पाथरवटाकडे व मग यूस्ट विंगबोन्स ह्या डच स्थपतीकडे काम आलें. आणि शेवटीं ज्यानें तें पुरें केलें तो झाँ द ला वाले, म्हणजे मारल्या गेलेल्या सिमाँचाच मुलगा. घर पुरें होण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

इतक्या हातांतून जाऊनही इमारतीचें रूप एकजिनसी राहिलें आहे. भिंती तांबड्या विटांच्या. त्यांत बसविलेले फिकट वालुकाश्माचे स्तंभ जमिनीपासून थेट छपरापर्यंत चढत गेलेले. ही धाटणी विंगबोन्सनें हॉलंडांतून आणिली. छप्पर तांब्याच्या पत्र्याचें असून वाऱ्यापावसानें तें हिरवें झालें आहे. तें एकसंध उतरतें नसून दोन टप्प्यांचें आहे व मध्यें एक उभी पट्टी सोडली आहे. झाँ द ला वालेची ही कल्पना लोकांस इतकी आवडली कीं, पुढें स्वीडनच्या खेड्यापाड्यांतील जमीनदारी वाड्यांना ह्याच घाटाचीं छपरें चढूं लागलीं. दर्शनी भिंतीवर लॅटिन भाषेंत शब्द कोरले आहेत. सल्लामसलत व शहाणपण, पूर्वजांचे उज्ज्वल दाखले, धैर्य आणि यशस्वी शस्त्रें अशा गुणांचा त्यांत उच्चार आहे. पहिला मान सल्लामसलतीला आणि शेवटचा शस्त्रांना दिला आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

इमारतीसमोरच्या चौकांत गुस्ताव वासा ह्या राजाचा पुतळा उभा आहे. डेन्मार्कच्या वर्चस्वांतून स्वीडनला सोडविणारा हा राजा १५२३ सालीं गादीवर आला. त्याचा हा पुतळा लार्शेव्हेक ह्या फ्रेंच शिल्पकारानें घडविला व तो १७७४ सालीं उभारला गेला. मागच्या, म्हणजे उत्तरेच्या, अंगास लहानशी बाग असून तेथें चान्सलर ऊक्सेनशेर्नाचा पुतळा आहे. तो १८९० सालचा. शेजारचा जुना बोंदे वाडाही प्रवाशानें पाहून ठेवावा; तेथें १९४९ पासून स्वीडनचें सर्वोच्च न्यायालय बसतें.

आतां आंत जावें. दोहों बाजूंनीं चढणाऱ्या दगडी जिन्यानें वरच्या मजल्यावर गेलें म्हणजे मुख्य सभागृह लागतें. प्रथम डोळे दिपतात ते भिंतींनीं. जमिनीपासून वरपर्यंत, एकीला एक लागून, तांब्याच्या पत्र्यांवर रंगविलेलीं कुलचिन्हें टांगलेलीं आहेत. त्यांची संख्या दोन हजार तीनशेंहून अधिक आहे. प्रत्येक पत्र्यावर एक ढाल, तिच्या वर शिरस्त्राण, आणि घराण्याचें नांव व नोंदणीचा क्रमांक. सिंह, गरुड, तारे, तरवारी, बुरूज, फुलें ह्यांची एकच गर्दी. चान्सलराची ती वहीच जणूं भिंतीवर उलगडून ठेवली आहे.

हीं नांवें वाचण्यांत मोठी मौज आहे. काउंटांमध्यें पहिला क्रमांक ब्राहे घराण्याचा. ती काउंट शाखा १९३० सालीं निपुत्रिक होऊन संपली. ‘गिल्लेनशेर्ना’ ह्या नांवाचा अर्थ सोन्याचा तारा. एका फार जुन्या घराण्याचें नांव ‘नात् ओ दाग’, म्हणजे ‘रात्र आणि दिवस’; त्याच्या ढालीचा वरचा अर्धा भाग सोनेरी व खालचा निळा आहे, आणि ढालीच्या ह्या दोन रंगांवरूनच तें नांव पडलें. एखादें कुळ संपलें म्हणजे त्याच्या शेवटच्या पुरुषाच्या अंत्यविधींत त्या कुळाची ढाल मोडून टाकण्याची जुनी चाल होती. सभागृहांतील पत्रा मात्र काढीत नाहींत. त्यामुळें भिंतीवरील बहुसंख्य ढाली आज ज्यांचा वारस नाहीं अशा घराण्यांच्या आहेत.

परंतु सारीं घराणीं तरवारीनें मोठीं झालेलीं नव्हत. राजा गुणी माणसासही सरदारकी देत असे. वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाया घालणारा लिनीयस एका खेड्यांतील धर्मगुरूचा मुलगा. त्यास सरदारकी मिळाली व तो ‘फॉन लिने’ झाला. रसायनशास्त्रज्ञ बेर्सेलियस १८१८ सालीं सरदार व १८३५ सालीं बॅरन झाला. आणि सभागृहाचें छत रंगविणारा चित्रकार क्लोकर ह्यासही १६७४ सालीं सरदारकी मिळून ‘एरेनस्ट्राल’ हें नांव मिळालें. त्या छतावर देशमाता स्वेआ हिच्याभोंवतीं सद्गुणांच्या मूर्ति जमल्या असून त्यांची मसलत चालली आहे, असा देखावा आहे. खालीं बसून भांडणाऱ्या सरदारांनीं मान वर केली, तर त्यांस हाच उपदेश दिसावा, अशी ही योजना होती. सभागृहाच्या वरच्या टोंकास सभाध्यक्षाची खुर्ची आहे. ती काळ्या अबनुसाच्या लाकडाची असून तिच्यावर हस्तिदंती कोरीव काम आहे. ह्याच दालनांत १७३१ सालीं योहान हेल्मिक रूमान ह्या संगीतकारानें स्वीडनमधील पहिले सार्वजनिक संगीताचे जलसे केले, हेंही नमूद करण्यासारखें आहे.

ह्या दालनांतील इतिहास मात्र संगीताइतका सुरेल नाहीं. सतराव्या शतकांतील युद्धांत पैसा कमी पडला म्हणजे राजे सरकारी जमिनी सरदारांस देत किंवा विकीत. अखेरीस देशांतील निम्म्याहून अधिक जमीन सरदारांकडे गेली व तिजोरी रिकामी झाली. १६८० सालीं राजा अकरावा कार्ल ह्यानें त्या जमिनी परत घेण्याचा प्रश्न राज्यसभेपुढें आणला. इतर तीन वर्ग त्याच्या बाजूस होतेच. पण निकाल लागला तो सरदारांतच फूट पडली म्हणून. ज्यांच्याकडे मोठ्या देणग्या नव्हत्या त्या साध्या सरदारांनीं बड्यांची बाजू सोडली, आणि बड्या घराण्यांचीं वतनें सरकारजमा झालीं.

अठराव्या शतकांत वारें पालटलें. १७१९ नंतर राजाची सत्ता नांवापुरती उरली व राज्यसभा सर्वाधिकारी झाली. दोन पक्ष निघाले, एक ‘हॅट’वाल्यांचा व दुसरा ‘टोपी’वाल्यांचा. लष्करी अधिकाऱ्यांच्या तिकोनी हॅटवरून पहिल्यांनीं आपलें नांव घेतलें, आणि प्रतिपक्षी झोंपाळू आहेत म्हणून त्यांस झोंपतांना घालावयाच्या टोपीचें नांव चिकटविलें. तिसरा गुस्ताव ह्यानें १७७२ सालीं ही व्यवस्था उलथून सत्ता पुन्हा आपल्या हातीं घेतली. १७८९ सालीं, ज्या वर्षीं फ्रान्समध्यें क्रांतीचा भडका उडाला त्याच वर्षीं, ह्या राजानें धर्मगुरु, शहरवासी व शेतकरी ह्यांस हाताशीं धरून सरदारांचे बरेच हक्क कमी केले. बहुतेक सरकारी जागा व जमिनी इतरांसही मोकळ्या झाल्या. सरदारसभेनें विरोध केला, तेव्हां तिच्या पुढाऱ्यांना अटक झाली.

त्याचा सूड लवकरच उगवला. १६ मार्च १७९२ च्या रात्रीं, मुखवटे घालून चाललेल्या नाचाच्या समारंभांत, आंकार्स्ट्रॉम नांवाच्या सरदारानें राजावर गोळी झाडली. तेरा दिवसांनीं राजा वारला. त्या मारेकऱ्यास देहदंडापूर्वीं चौकांचौकांत फटके मारण्यांत आले, आणि त्यांतला पहिला चौक म्हणजे सरदारांच्या ह्या घरासमोरचाच होता. पुढें २० जून १८१० रोजीं ह्याच परिसरांत आणखी एक भयंकर प्रसंग घडला. युवराज अकस्मात् वारला होता. त्यास विषप्रयोग झाला अशी खोटीच अफवा उठली. अंत्ययात्रेंत पुढें चाललेला वृद्ध सरदार आक्सेल फॉन फेर्सेन, ज्यानें पूर्वीं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला पळवून वांचविण्याची धडपड केली होती, तो संतापलेल्या जमावाच्या हातीं सांपडला व ठार झाला. फौज जवळ उभी असूनही तिनें त्यास वांचविलें नाहीं. सरदारांविषयीं लोकांच्या मनांत किती विष सांचलें होतें, हें त्या दिवशीं कळून आलें.

ही पार्श्वभूमि लक्षांत घेतली, म्हणजे १८६५ चा डिसेंबर महिना किती नाजूक होता तें ध्यानांत येईल. चार वर्गांची राज्यसभा कालबाह्य झाली होती. नवे कारखानदार, शिक्षक, वैद्य, जमीन नसलेले मजूर ह्यांतील बहुतेकांना त्या चारांपैकीं एकाही वर्गांत धड जागा नव्हती. उलट सरदार घराण्यांत जन्मलेला कुलप्रमुख, निवडणूक नाहीं कीं परीक्षा नाहीं, आपल्या जन्माच्या जोरावर कायदे करावयास बसे. न्यायमंत्री लुई दे येर ह्यानें चार वर्ग मोडून लोकनियुक्त अशीं दोन सभागृहें करण्याची योजना मांडली. हा दे येर स्वतः बॅरन होता. परंतु राज्यघटनेंत असा बदल करावयाचा, तर चारही वर्गांची संमति आवश्यक होती. शेतकरी व शहरवासी ह्यांनीं ४ डिसेंबर रोजीं संमति दिली. धर्मगुरूंनीं, सरदार काय करतात तें पाहूं, म्हणून आपला निकाल लांबविला. सारा देश ह्या एका दालनाकडे डोळे लावून बसला.

चार दिवस वाद चालला. देशाच्या जुन्या स्वातंत्र्याचे रक्षक आपणच, आपण गेल्यावर संख्येचें राज्य येईल, असें एका पक्षाचें म्हणणें. जें न्यायानें टिकत नाहीं तें हट्टानें टिकवूं गेल्यास एक दिवस रस्त्यावर त्याचा निकाल लागेल, असें दुसऱ्याचें. बाहेर चौकांत लोकांची दाटी झाली होती. ७ डिसेंबर रोजीं मतें घेतलीं. योजनेच्या बाजूनें ३६१ आणि विरुद्ध २९४ मतें पडलीं. दुसऱ्या दिवशीं धर्मगुरूंनींही होकार दिला. २२ जून १८६६ रोजीं नवा कायदा जाहीर झाला आणि चार वर्गांची राज्यसभा इतिहासजमा झाली.

ह्या त्यागाची स्तुति करतांना अतिशयोक्ति होऊं नये. नव्या व्यवस्थेंतही मताचा अधिकार पैसेवाल्यांनाच होता. खालच्या सभागृहासाठीं मत देण्यास वर्षाला निदान ८०० रिक्सदालरचें उत्पन्न, किंवा ठराविक किंमतीची स्थावर मिळकत लागे. आणि वरच्या सभागृहांत तर श्रीमंतांचेंच, म्हणजे पुष्कळ अंशीं सरदारांचेंच, प्राबल्य राहिलें. सर्व प्रौढ पुरुषांच्या मताधिकाराचा पाया १९०९ सालीं घातला गेला, आणि स्त्रियांनीं राष्ट्रीय निवडणुकींत प्रथम मत दिलें तें १९२१ सालीं. तेव्हां १८६५ चा दिवस हा प्रवासाचा शेवट नव्हे. पण दार उघडलें तें त्या दिवशीं, आणि तें आंतून उघडलें, बाहेरून फोडावें लागलें नाहीं, हें महत्त्वाचें.

सत्ता गेली तरी घर उरलें. सरदारकी देण्याची प्रथा काहीं काळ चालू राहिली. परंतु तिचा ओघ आटत गेला. शेवटची सरदारकी १९०२ सालीं स्वेन हेडिन ह्या प्रवाशास मिळाली. मध्य आशिया व तिबेट धुंडाळणारा हा हेडिन १९०८ सालीं तिबेटांतून निघून सिमल्यास येऊन पोहोंचला होता. त्याच्या ढालीचा क्रमांक २३४४. तो अविवाहित होता. १९५२ सालीं त्याच्याबरोबरच त्याचें सरदारी कुळ संपलें. १९७५ पासून अंमलांत आलेल्या नव्या राज्यघटनेंत सरदारकी देण्याचा राजाचा अधिकारच उरला नाहीं. २००३ सालीं सरदारसभेचा सरकारी दर्जाही गेला व ती एक खाजगी संस्था झाली. आज सहाशेंहून अधिक सरदार घराणीं नांदत आहेत. दर तीन वर्षांनीं त्यांच्या प्रतिनिधींची सभा भरते. वंशावळींचें दप्तर जपणें, जुन्या देणग्यांच्या निधींतून गरजूंस व विद्यार्थ्यांस मदत देणें, आणि ही वास्तु नीट राखणें, हें तिचें काम. करमाफी नाहीं, राखीव जागा नाहीं, कायद्यांत निराळें स्थान नाहीं.

ठरलेल्या वेळीं हें घर सर्वांस पाहावयास मिळतें. तेथें जाणाऱ्या प्रवाशानें भिंतीवरचे सिंह व गरुड पाहून झाल्यावर क्षणभर दालनाच्या मध्यभागीं उभें राहावें, आणि त्या दिवसाचें एक साधें गणित मनांत करावें. ३६१ आणि २९४ ह्यांत अंतर सदुसष्टांचें. म्हणजे होकार देणाऱ्यांपैकीं चौतीस माणसांनीं जरी आपलें मन फिरविलें असतें, तरी ठराव फसला असता. त्या चौतीसांचीं नांवें कोणतीं, हें सांगतां येणार नाहीं, कारण होकार देणारा प्रत्येक जण त्यांत धरतां येतो. त्यांच्यापुढेंही ह्याच भिंतीवर त्यांच्या बापजाद्यांच्या ढाली टांगलेल्या होत्या. त्यांकडे पाहत त्यांनीं ‘होय’ म्हटलें, म्हणूनच त्या ढाली आज कोणाच्याही रागाचा विषय न होतां जागच्या जागीं आहेत.